टँकरवरचं 'हायली इन्फ्लेमेबल' म्हणजे पेटणारं की न पेटणारं? 'इन'वाल्या शब्दांनी डोकं उठवलंय

घाटातला_बाप

मंडळी, जरा येडा प्रश्न आहे, हसू नका. रविवारी सासुरवाडीहून परत येताना खोपोलीच्या वर घाटात अडकलो, पुढे एक टँकर आणि त्याच्या पाठीवर लाल अक्षरात हे एवढं मोठं 'हायली इन्फ्लेमेबल'. मुलगी सहावीत आहे, सेमी इंग्लिश, शाळेत नुकतेच प्रीफिक्स झालेत आणि वहीत चौकट करून लिहून दिलंय की 'इन' लावलं की अर्थ उलटा होतो. करेक्ट-इनकरेक्ट, कम्प्लीट-इनकम्प्लीट, व्हिजिबल-इनव्हिजिबल, सगळं तोंडपाठ. तर ती मागच्या सीटवरून म्हणते, बाबा, फ्लेम म्हणजे ज्वाळा ना, मग इन्फ्लेमेबल म्हणजे जे अजिबात पेटत नाही ते, मग त्यात लाल रंगात सांगण्यासारखं काय आहे?

मी आपला पहिल्या गिअरमधे, क्लच दाबून दाबून पायाला गोळे आलेले, म्हटलं हो गं, असेल दूधबिध. मग दहा मिनिटांनी रांग हलली आणि आम्ही टँकरच्या बाजूला आलो तर चांगला पेट्रोलचा टँकर. बायको पार खंडाळा येईपर्यंत हसत होती आणि मुलगी हसत नव्हती, ती माझ्याकडे बघत होती, ते जास्त लागलं.

तर प्रश्न असा की 'इन' लावूनही अर्थ उलटा का होत नाही, असे अजून किती शब्द आहेत, आणि मग 'न पेटणारं' म्हणायचं असेल तर म्हणायचं काय? डिक्शनरीत बघितलं, तिथे फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल दोन्हींचा अर्थ एकच दिलाय, त्यामुळे जास्तच गोंधळलो.

---

रिकामटेकडा_७

दूधबिध 😂😂 साष्टांग नमस्कार घ्या.

सोप्पं आहे हो, इथे 'इन' म्हणजे 'खूप'. फ्लेमेबल म्हणजे पेटणारं आणि इन्फ्लेमेबल म्हणजे भयंकर पेटणारं. आम्हाला क्लासमधे असंच सांगितलेलं.

---

शब्दखूळ

रिकामटेकडा, क्लासची फी परत मागा. 'इन' म्हणजे खूप वगैरे काही नाही आणि दोन्ही शब्दांत कमीजास्तही काही नाही, डिक्शनरी बरोबर आहे.

घोळ असा आहे की इंग्रजीत 'इन' हा एक प्रीफिक्स नाहीच, ते दोन आहेत आणि दोघं जुळ्या भावांसारखे एकाच तोंडावळ्याचे. दोघंही लॅटिनमधून आलेले. एक 'इन' नकाराचा, तो इनकरेक्ट, इनव्हिजिबलमधला. दुसरा 'इन' म्हणजे आत, मधे, वर, तो इन्क्लूड, इन्स्पायर, इन्व्हेस्टमधला. लॅटिनमधे ज्वाळेला 'फ्लामा' म्हणतात आणि त्याला हा दुसरा 'इन' लागून 'इन्फ्लामारे' असं क्रियापद झालं, म्हणजे आग लावणं, पेटवणं. त्यावरून इंग्रजीत 'इन्फ्लेम' आलं आणि जे इन्फ्लेम होऊ शकतं ते इन्फ्लेमेबल. म्हणजे जोड कुठे आहे बघा, 'इन' अधिक 'फ्लेमेबल' असं नाहीये ते, 'इन्फ्लेम' अधिक 'एबल' आहे. तुमच्या लेकीनं शब्द चुकीच्या जागी कापला एवढंच, तर्क तिचा शंभर टक्के बरोबर होता.

आता कुठे कापायचं ते कसं कळणार? मी अशी युक्ती करतो की शेवटचं 'एबल' काढून टाकायचं आणि उरलेलं क्रियापद इंग्रजीत आहे का बघायचं. 'इन्फ्लेम' आहे, म्हणून पेटणारं. 'इन्हॅबिट' म्हणजे वस्ती करणं, तेही आहे, म्हणून इन्हॅबिटेबल म्हणजे राहण्याजोगं, न राहण्याजोगं नव्हे. त्याच्या उलट करायचं तर पुढे अजून एक 'अन' लावून 'अनइन्हॅबिटेबल' करावं लागतं. (फ्रेंचमधे हाच शब्द अक्षर न अक्षर तोच आहे आणि तिथे त्याचा अर्थ राहायला नालायक असा होतो, फ्रेंच शिकणाऱ्यांनी जपून.) पण 'इनएक्स्क्यूजेबल' घ्या, 'इनएक्स्क्यूज' असं क्रियापद कोणी ऐकलंय? नाही ना, मग तो नकाराचा 'इन', अक्षम्य.

आणि इंग्रजीला फार नावं ठेवू नका, आपल्याकडे हाच खेळ चालू आहे फक्त आपल्याला सवय झालीय. अनुभव आणि अनुचित घ्या. पहिली अक्षरं तीच, पण अनुभवमधे 'अनु' आहे आणि अनुचितमधे 'अन्' अधिक 'उचित'. अनुवाद, अनुमान, अनुकरण एका घरचे, अनुपस्थित, अनुत्तीर्ण दुसऱ्या घरचे. मराठी शिकणाऱ्या बाहेरच्या माणसाला अनुत्तीर्ण म्हणजे उत्तीर्णाच्या मागोमाग येणारा असं वाटलं तर त्याला काय सांगणार?

---

सेफ्टीवाला

केमिकल कंपनीत सेफ्टीला आहे, १९ वर्षं झाली, त्यामुळे हा माझा रोजचा विषय, जरा लांबेल.

तुमच्या मुलीनं जो अर्थ काढला तोच अर्थ मोठी माणसंही काढतात आणि त्यावरच तर हा 'फ्लेमेबल' शब्द वर आला. जुना आणि रुळलेला शब्द इन्फ्लेमेबलच. पण आग विझवणाऱ्या आणि विम्याच्या लोकांना भीती ही की कोणीतरी पिंपावरचं 'इन' बघून ते न पेटणारं समजेल आणि शेजारी उभा राहून बिडी शिलगावेल. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं १९२० च्या दशकात म्हणून सांगायला सुरुवात केली की 'इन' काढा, नुसतं फ्लेमेबल लिहा. आज जगभरात केमिकलच्या लेबलवर जी ठरलेली वाक्यं असतात त्यात फ्लेमेबलच असतं, इन्फ्लेमेबल नाही. त्यातही पायऱ्या आहेत, एक्स्ट्रीमली फ्लेमेबल, हायली फ्लेमेबल, नुसतं फ्लेमेबल, आणि त्याखाली कम्बस्टिबल. रिकामटेकडा यांना जो कमीजास्तपणा हवा होता तो या 'हायली', 'एक्स्ट्रीमली'मधे आहे, 'इन'मधे नाही.

आपल्याकडे टँकर रंगवणारा पेंटर मात्र जुनं बघून नवं रंगवतो, त्यामुळे अजून 'हायली इन्फ्लेमेबल'च दिसतं. माझं वैयक्तिक मत, हे बंद व्हायला पाहिजे. मराठीत बघा, ज्वालाग्राही किंवा ज्वलनशील लिहिलं की कोणाच्या बापाचा गैरसमज होत नाही.

अजून एक. शब्दामुळे आग लागते ही नुसती म्हणायची गोष्ट नाही. बेंजामिन ली व्होर्फ म्हणून भाषाशास्त्रात मोठं नाव आहे, तो माणूस पोटापाण्याला अमेरिकेत हार्टफर्डच्या आगविमा कंपनीत आगी का लागल्या त्याचे रिपोर्ट तपासायचा. त्याचं प्रसिद्ध उदाहरण रिकाम्या पेट्रोलच्या पिंपांचं आहे. भरलेल्या पिंपाजवळ लोक जपून वागतात, पण पाटीवर 'रिकामी पिंपं' असलं की निवांत सिगारेट ओढतात, कारण रिकामं म्हणजे काही नाही. प्रत्यक्षात रिकाम्या पिंपात वाफ भरलेली असते आणि तीच जास्त धोक्याची. आम्ही ट्रेनिंगला हे सांगतो तेव्हा दर बॅचला कोणीतरी एक जण हळूच खिशातली काडेपेटी चाचपतो.

पेट्रोलचं म्हणाल तर शून्याच्या खाली चाळीसेक अंशालासुद्धा त्याची वाफ ठिणगीनं पेटण्याइतकी तयार असते. म्हणजे आपल्या हवेत ते कायमच तयार. दूध नाही ते 😄

---

कालव्याच्या_शेपटाला

मला एक सांगा, तो 'इन' पुढे 'र' आला की 'इर' होतो ना, रेग्युलर-इर्रेग्युलर, रिस्पॉन्सिबल-इर्रिस्पॉन्सिबल. मग 'इरिगेशन' म्हणजे काय, पाणी न देणं?

आमचं शेत कालव्याच्या पार शेपटाला आहे, आमच्याकडे हाच अर्थ चालतो.

---

शब्दखूळ

कालव्याच्या_शेपटाला, क्या बात! पण गंमत म्हणजे तुमचं उदाहरण एकदम नेमकं आहे. लॅटिनमधे 'रिगारे' म्हणजे पाणी देणं, त्याला दुसरा, आत-वाला 'इन' लागला आणि 'र'समोर त्याचा 'इर' झाला. म्हणजे जमिनीत पाणी सोडणं. नकार नाही, निदान शब्दात तरी नाही.

हे 'न'चं बदलत जाणं म्हणजे आपली संधीच हो. लीगलच्या आधी 'इल', पॉसिबलच्या आधी 'इम', रेग्युलरच्या आधी 'इर'. तत् अधिक लीन म्हणजे तल्लीन, उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, मग इन अधिक लीगल म्हणजे इल्लीगल, काय वेगळं आहे? आणि 'इम'चं तर पाठ करायचीही गरज नाही. आंबा म्हणा, मग आंघोळ म्हणा. टिंब तेच, पण आंब्याच्या वेळी ओठ मिटतात आणि 'म' येतो, कारण पुढचा 'ब' ओठांचा आहे. पॉसिबलचा 'प'ही ओठांचा, म्हणून जिभेला 'इनपॉसिबल' जड जातं. आमच्या हापिसात 'इनपुट'ला झाडून सगळे 'इम्पुट' म्हणतात ते अडाणी आहेत म्हणून नाही, तोंड आपोआप तसं करतं.

आणि इथेही दोन्ही भाऊ आहेतच. इल्लीगलमधला नकाराचा, इल्युमिनेटमधला आत-वाला, नाहीतर इल्युमिनेट म्हणजे लाईट घालवणं झालं असतं. इम्पॉसिबल नकाराचा, इम्पोर्ट आत-वाला.

---

घाटातला_बाप

अरे बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. लेकीला रात्री जेवताना 'इन्फ्लेम' अधिक 'एबल' सांगितलं, तिला पटलं. पण माझ्यावरचा विश्वास काही परत आला नाही, कारण तिनं लगेच पुढचा बॉल टाकला आणि मी क्लीन बोल्ड.

तिचा प्रश्न जसाच्या तसा देतो. 'एबल'चं उलटं 'अनएबल', मग 'अबिलिटी'चं उलटं 'अनअबिलिटी' का नाही, 'इनअबिलिटी' का? मी बसून शोधलं तर असे ढीगभर निघाले, अनस्टेबल पण इन्स्टॅबिलिटी, अनईक्वल पण इनईक्वॅलिटी, अनजस्ट पण इनजस्टिस. हे कोणी ठरवलं?

---

माई_मास्तरीण

बाळांनो, मी सदतीस वर्षं शास्त्र शिकवलं, इंग्रजी नव्हे, पण नात याच वयाची आहे म्हणून या भानगडीत पडावं लागलं.

'अन' हा इंग्रजीचा घरचा, जुना. 'इन' हा लॅटिनचा, फ्रेंचच्या हाताला धरून आलेला पाहुणा. इनजस्टिस, इनईक्वॅलिटी असली लांबलचक नामं बाहेरून आली ती बरीचशी आपला 'इन' डोक्यावर घेऊनच आली, आणि छोटी विशेषणं एबल, जस्ट वगैरे इंग्रजीत इतकी मुरली की लोकांनी त्यांना आपला घरचा 'अन' लावून टाकला. कोणी बसून ठरवलेलं नाही.

आता हे मुलीला कसं सांगायचं तर असं सांगा. हजरच्या उलट काय? गैरहजर. उपस्थितच्या उलट? अनुपस्थित. अर्थ दोन्हीचा एकच, पण 'अहजर' म्हणून बघा किंवा 'गैरउपस्थित' म्हणून बघा, दाताखाली खडा येतो की नाही? हजर हा अरबीतून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला, त्याला त्याच वाटेनं आलेला 'गैर' शोभतो. उपस्थित संस्कृतातला, त्याला संस्कृताचा 'अन्'. नालायक पण अपात्र. बेपर्वा पण निष्काळजी. आणि मग असेही असतात जे सोवळं मोडतात, गैरसमज घ्या, 'गैर' परका आणि समज आपली, तरी संसार सुखाचा चाललाय. तसंच 'अनएबल', 'अन' घरचा आणि 'एबल' फ्रेंचमधून आलेला.

माझ्या विषयातलं एक सांगते आणि थांबते. हेन्री कॅव्हेंडिशनं १७६६ मधे धातूंवर आम्ल टाकून निघणारा वायू नीट अभ्यासला आणि त्याला 'इन्फ्लेमेबल एअर' म्हटलं, पेटणारी हवा. तोच पुढे हायड्रोजन. वर्गात हे सांगितलं की दरवर्षी एक तरी हात वर यायचा, बाई, इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारी ना? मी बोलायचेच नाही. परीक्षानळीत जस्ताचा तुकडा, त्यावर आम्ल, आणि तोंडाशी पेटती काडी. फट्. मग त्या वर्गातलं कोणी तो शब्द जन्मात विसरत नसे.

---

पुणेरी_शंका

एक शंका. शब्दखूळ यांची 'एबल काढा, क्रियापद बघा' युक्ती सगळीकडे चालत नाही असं नम्रपणे निदर्शनास आणून देतो.

'इन्व्हॅल्युएबल' घ्या. 'इन्व्हॅल्यू' असं क्रियापद नाही, म्हणजे नियमाप्रमाणे नकाराचा 'इन', म्हणजे इन्व्हॅल्युएबल म्हणजे ज्याला किंमत नाही असं. पण अर्थ तर अत्यंत मोलाचं. आता?

दुसरं 'इम्प्रेग्नेबल'. इंग्रजी लेखात जंजिऱ्याला हमखास हा शब्द लावलेला असतो, अजिंक्य, कोणाच्या हाती न लागलेला. आता युक्ती लावा, 'इम्प्रेग्न' असं क्रियापद नाही, पण 'इम्प्रेग्नेट' आहे आणि त्याचा अर्थ गर्भधारणा करवणं. डिक्शनरीत इम्प्रेग्नेबलचा तोही अर्थ दिलेला आहे. म्हणजे एकच शब्द, एका अर्थानं ज्यात कोणी शिरूच शकत नाही असा आणि दुसऱ्या अर्थानं… असो, इथे लहान मुलांचे आईवडील वाचतात.

तिसरं, 'इन्फेमस' म्हणजे 'फेमस नसलेला' नव्हे. माझा एक सहकारी कॉलेजच्या गॅदरिंगला पाहुण्यांची ओळख करून देताना 'अवर इन्फेमस गेस्ट' म्हणाला होता, त्याला वाटलं फेमसच्या वरची पायरी. पाहुणे शांत होते, प्राचार्य नव्हते.

---

शब्दखूळ

पुणेरी_शंका, युक्ती आहे ती, वेद नाही. पण तुमच्या इन्व्हॅल्युएबलमधे युक्ती पडलेली नाही, नकाराचाच 'इन' आहे तो. फक्त नकार कशाला आहे ते बघा. 'व्हॅल्यू' हे क्रियापदही आहे, किंमत करणं. इन्व्हॅल्युएबल म्हणजे ज्याची किंमत करताच येत नाही असं. यासाठी इंग्रजीकडे कशाला जाता, आपला अमूल्य घ्या. 'अ' नकाराचा, मूल्य नसलेला असा अर्थ व्हायला हवा, होतो का? अमोल नावाच्या पोराला 'तुझी किंमत शून्य' असं कोणी म्हणत नाही (त्याची आई सोडून). मौल्यवान आणि अमूल्य दोन्ही एकाच दिशेला जातात तसेच व्हॅल्युएबल आणि इन्व्हॅल्युएबल. किंमत नाही असं म्हणायचं तर आपण कवडीमोल म्हणतो आणि इंग्रज 'वर्थलेस' म्हणतात.

इम्प्रेग्नेबलचं मात्र मान्य, तिथे हार. तो किल्ल्याचा शब्द फ्रेंचमधल्या 'घेणं, पकडणं' अशा अर्थाच्या क्रियापदावरून आला, घेता न येणारा, आणि मधला 'ग' नंतर कधीतरी आगंतुकासारखा घुसला. गर्भाशी त्याचा काही संबंध नाही, दोन वेगळे शब्द चालत चालत एका स्पेलिंगवर येऊन उभे राहिले. अशा वेळी युक्तीबिक्ती काही नाही, पुढे किल्ला आहे की नाही ते बघायचं.

इन्फेमसला आपला कुप्रसिद्ध. तुमच्या सहकाऱ्याला पुढच्या वर्षी सूत्रसंचालन दिलं का?

---

पुणेरी_शंका

नाही. आभारप्रदर्शन दिलं.

---

नाईट_ड्युटी

सिस्टर आहे, ड्युटीवरून आत्ता आले, झोप उडालीय म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे पेट्रोलमधे अडकलात, पण आमच्याकडे 'इन्फ्लेमेशन' दिवसातून पन्नास वेळा येतं, तेही त्याच 'इन्फ्लेम'मधलं ना? पेशंटला मराठीत आम्ही सूज म्हणून मोकळे होतो, पण पुस्तकातला शब्द दाह आहे, आणि दाह म्हणजे जळणंच की. नर्सिंगला पहिल्या वर्षी चार खुणा पाठ करून घेतल्या होत्या, लाली, गरमपणा, सूज, दुखणं. पहिल्या दोन तर विस्तवाच्याच आहेत.

पण मला दुसरंच सांगायचंय. सारखी सुरुवात असलेल्या शब्दांत सगळ्यात जास्त घाबरवणारी जोडी म्हणजे 'हायपर' आणि 'हायपो'. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी, आणि फोनवर घाईत दोन्ही सारखेच ऐकू येतात. एकदा रात्री एका नातेवाइकाचा फोन, आजोबांची शुगर हायपर झालीय, इन्सुलिन देऊ का? मी विचारलं मशीनवर आकडा किती, म्हणे ४८. अहो ४८ म्हणजे हायपो! सत्तरच्या खाली गेली की ती कमीच. घाम येतोय का, हात थरथरतायत का, शुद्धीवर आहेत का, गिळता येतंय का, सगळं हो. म्हटलं आधी साखरेचं पाणी पाजा आणि इन्सुलिनला हात लावू नका, गाडी काढा आणि घेऊन या. आले, सकाळी चहाला बिस्किट मागत होते.

तेव्हापासून मी वॉर्डात नवीन मुलींना सांगते, फोनवर हायपर-हायपो बोलायचंच नाही, आकडा बोलायचा आणि 'शुगर वाढलीय' किंवा 'शुगर उतरलीय' असं मराठीत बोलायचं. बीपीचं पण तसंच.

---

सेफ्टीवाला

सिस्टर, सॅल्यूट. आमच्याकडेही हाच नियम, वॉकीटॉकीवर शब्दापेक्षा नंबर. टँकरवर सुद्धा म्हणूनच नंबर असतो, फक्त लोक बघत नाहीत.

@घाटातला_बाप, पुढच्या वेळी लेकीला टँकरची पाठ वाचायला शिकवा. इंग्रजी शब्द सोडून द्या. चौकोन टोकावर उभा केलेला लाल रंगाचा दिसेल, त्यात ज्वाळेचं चित्र आणि खाली ३ म्हणजे पेटणारा द्रव. त्याच्या बाजूला पाटीवर चार आकडी नंबर असतो तो जगभर एकच. १२०३ म्हणजे पेट्रोल. १२०२ म्हणजे डिझेल. १०७५ म्हणजे एलपीजी. पेट्रोलच्या पाटीवर वर 'थ्री वाय ई' असा कोडही असतो, त्यातला ३ म्हणजे आग लागली तर फोम मारा आणि शेवटचा ई म्हणजे आजूबाजूच्या लोकांना हलवायचा विचार करा. हे फायर ब्रिगेडसाठी आहे पण वाचायला कोणाची बंदी नाही.

आणि तुमच्या पहिल्या पोस्टमधला एक प्रश्न सगळे विसरले. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणायचं. परीक्षेतही तेच लिहायला सांगा.

---

शब्दखूळ

सिस्टर, झोपा आता, पण झोपायच्या आधी एक भेट. हायपर आणि हायपो ग्रीक आहेत आणि त्यांचे सख्खे चुलतभाऊ संस्कृतात आहेत, उपरि आणि उप. हायपर म्हणजे उपरि, वर, आपला 'वर' सुद्धा त्याच उपरिपासून झिजत झिजत आलाय. हायपो म्हणजे उप, खालचा. उपमुख्यमंत्री मुख्यमंत्र्याच्या खाली तसा. म्हणजे ग्रीकांचा हायप-हायप आणि आपला उप-उप, हा सारखेपणाचा घोळ फार जुन्या घरातून दोघांनी वाटून घेतलाय.

नकाराचंही तसंच. लॅटिनचा 'इन', इंग्रजीचा 'अन', ग्रीकांचा आणि आपला 'अ' किंवा 'अन्', सगळे एकाच मुळाचे. ग्रीकही आपल्यासारखंच व्यंजनाआधी 'अ' आणि स्वराआधी 'अन' करतात. आपलं अशक्य पण अनादर, त्यांचं अॅटम म्हणजे न कापता येणारा, पण अॅनिमिया, म्हणजे रक्त नसणं. माईंनी हायड्रोजन काढलाच आहे तर त्यातला 'हायड्रो' म्हणजे पाणी, आपला 'उद'. जुन्या पुस्तकांत हायड्रोजनला उद्जन असं नाव असायचं, माई, तुमच्या वेळी होतं का?

---

माई_मास्तरीण

माझ्या वडिलांच्या पुस्तकात होतं. आम्ही शिकवायला लागलो तोवर हायड्रोजनच. उद्जन जास्त गोड आहे, पाणी जन्माला घालणारा, अगदी तोच अर्थ.

---

रिकामटेकडा_७

क्लासवाल्यांचा नंबर लागत नाहीये. फी गेली.

---

घाटातला_बाप

शेवटचा अपडेट देतो मग धागा झोपू दे.

लेकीनं वहीतली ती चौकट खोडली नाही, तिच्या खाली दुसरी चौकट काढली, 'दुसरा इन', आणि त्यात इन्फ्लेमेबल, इन्हॅबिटेबल, इम्पोर्ट आणि सगळ्यात शेवटी इरिगेशन लिहून पुढे कंसात 'शेपटाला चालत नाही'. बाईंनी विचारलं हे काय, तर म्हणे बाबांच्या मोबाईलवर एका काकांनी सांगितलंय. बाईंनी दोन्ही चौकटी फळ्यावर घेतल्या म्हणे, मला बरं वाटलं.

घरात मात्र उच्छाद आहे. दिसेल तो शब्द कापते. अननस म्हणजे नस नसलेला का, अनारसा म्हणजे आरसा नसलेला का, आणि आजीला विचारलं, अनुमावशी म्हणजे उमामावशी नसलेली का. आजी म्हणाली आहेच मुळी, उमा वेगळी.

काल परत घाटात होतो. यावेळी टँकर दिसल्याबरोबर तीच ओरडली, बाबा १२०२! मी म्हटलं डिझेल. ती म्हणाली, विचारत नव्हते, सांगत होते. अंतर ठेवा.